उणे ६१० की उणे २९०: जमिनीखालच्या पाइपाचं पोटेन्शियल कसं मोजायचं आणि कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा. कारखान्याच्या आवारात जमिनीखालून अग्निशमनाच्या पाण्याची पोलादी लाइन गेलेली आहे. लांबी साधारण ८०० मीटर, वय पंचवीस वर्षं. सीपी, म्हणजे कॅथोडिक प्रोटेक्शन (बाहेरून पाइपाला प्रवाह देऊन गंज रोखण्याची सोय), कधीच बसवलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी गळती लागली म्हणून १२ मीटरचा तुकडा बदलला, आणि आता नेमका तो नवा तुकडाच गळायला लागला आहे. प्रश्नकर्त्याने मल्टिमीटर आणि मोरचुदाचा हाफ सेल (मातीकडच्या तारेला लावायचा संदर्भ-इलेक्ट्रोड) घेऊन आठ ठिकाणी पोटेन्शियल मोजलं. बहुतेक ठिकाणी उणे ४२० ते उणे ५०० मिलिव्होल्ट आलं, नव्या तुकड्यावर उणे ६१० आणि पंपहाउसच्या भिंतीलगत उणे २९०. पाइप सुरक्षित असायला उणे ८५० हवं असं कुठेतरी वाचल्यामुळे त्यांना वाटतंय की सगळीच लाइन गेली, आणि पंपहाउसजवळचा भाग सर्वांत वाईट. यावरून पाइपाची उरलेली जाडी काढता येईल का, असंही विचारलं आहे.

जाडीचं आधी सांगतो: नाही काढता येणार. गंजाचा प्रवाह कुठून बाहेर पडायला बघतोय हे पोटेन्शियलवरून कळतं. किती लोखंड आजवर गेलं, हे त्यात कुठेच नसतं. आणि दुसरं, तुमचा निष्कर्ष उलटा झाला आहे. तुमच्या आठ आकड्यांत मला काळजी वाटते ती उणे ६१० ची. उणे २९० जिथे आलंय तिथे बहुधा पाइप सर्वांत कमी गंजत असेल, पण तो नवा तुकडा गंजण्यामागे त्याच जागेचा हात आहे. हे कसं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण एवढं एक समजलं की पुढचा खर्च योग्य जागी होईल.

लोखंड ओल्या मातीत असतं तेव्हा त्याचे अणू आपले इलेक्ट्रॉन धातूत मागे ठेवून आयन बनून मातीत उतरतात. मागे राहिलेले इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाणी व प्राणवायू ते घेतात. पहिली जागा अ‍ॅनोड, दुसरी कॅथोड. या देण्याघेण्याचा वेग जिथे जुळतो, त्या विभवावर, म्हणजे पोटेन्शियलवर, पाइप स्थिरावतो. ते विभव मोजायचं तर मीटरची एक तार पाइपाला आणि दुसरी मातीला लावावी लागते. पण मातीत साधी सळई खोचली तर त्या सळईचंही स्वतःचं विभव असतं, आणि तेही ओल, क्षार, गंज यांच्याबरोबर बदलत राहतं. म्हणून मातीकडचं टोक असं हवं की ज्याचं विभव हलत नाही. तेच काम हाफ सेल करतो: तांब्याची शुद्ध कांडी, भोवती मोरचुदाचं संपृक्त द्रावण आणि खाली सच्छिद्र बूच.

मोजमापातल्या निम्म्या चुका या हाफ सेलच्याच असतात, म्हणून इथे जरा थांबतो. द्रावण संपृक्त आहे याची खूण एकच: तळाशी न विरघळलेले निळे खडे दिसले पाहिजेत. खडे दिसत नसतील तर आणखी मोरचूद घाला. द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात करा. नळाच्या पाण्यातलं किंवा खारवट जमिनीतून बुचावाटे आत शिरलेलं क्लोराइड तांब्याचं विभव बिघडवतं, आणि डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नाही. कांडीवर काळपट थर आला तर बिनधातूच्या खरखरीत पॅडने घासून चकचकीत करा. लोखंडी ब्रश लावू नका, त्याचे कण कांडीत रुतून बसतात. नळीला पारदर्शक खिडकी असेल तर तिच्यावर काळी चिकटपट्टी लावा, कारण ऊन थेट द्रावणावर पडलं की वाचनात वीस-तीस मिलिव्होल्टांचा फरक सहज पडतो. तापमानाचाही परिणाम असतो, दर अंशाला सुमारे ०.९ मिलिव्होल्ट. सकाळी २० अंशांत आणि दुपारी ४० अंशांत घेतलेल्या वाचनांत निव्वळ त्यामुळे १८ मिलिव्होल्टांचं अंतर पडतं. माझ्याकडे एक हाफ सेल कायम कपाटात असतो, तो शेतावर, रस्त्यावर कधीच जात नाही. कामाला निघण्यापूर्वी बाकीचे सेल प्लास्टिकच्या ट्रेमध्ये थोडं पाणी घेऊन त्याच्याशी ताडून बघतो. फरक ५ मिलिव्होल्टांहून जास्त निघाला तर तो सेल आधी साफ करायचा, मगच बाहेर काढायचा.

आता प्रत्यक्ष वाचन. पाइपाच्या बरोबर वरची जागा शोधा. गवत, खडी, सुका थर बाजूला करा, पाच-दहा सेंटिमीटर खोल ओल्या मातीपर्यंत जा, तिथे तांब्याभर पाणी ओता आणि हाफ सेल बूच खाली ठेवून थोडा पिळत दाबून बसवा. बोटं बुचाला किंवा कांडीच्या टोकाला लावू नका. मीटरची लाल तार पाइपाला, काळी हाफ सेलला. अशी जोडणी केली की पोलादाचं वाचन उणे येतं. पाइपाकडचा संपर्क चकचकीत धातूवर हवा. रंग लावलेल्या व्हॉल्व्हच्या बोल्टला मगरचिमटा लावून घेतलेली वाचनं मी बघितलेली आहेत, त्यात निम्मं मोजमाप रंगाचं असतं. कानशीने टोक घासा आणि मग चिमटा लावा.

मीटरचा आतला रोध किमान १ कोटी ओहम, म्हणजे १० मेगाओहम असावा. आजचे बहुतेक डिजिटल मीटर तेवढे असतात, पण कोरड्या मुरमात, खडीवर किंवा डांबरावर तेही अपुरं पडतं. समजा हाफ सेल आणि माती यांच्यातला संपर्करोधच १ मेगाओहम झाला. मग खरं विभव उणे ९०० असताना मीटर उणे ८१८ दाखवेल, कारण अकरातला एक हिस्सा त्या संपर्कातच खर्च होतो. यावर सोपी परीक्षा आहे. वाचन घ्या, हाफ सेलच्या बुडाशी आणखी पाणी ओता, पुन्हा वाचन घ्या. आकडा सरकला तर आधीचा संपर्क खराब होता. सरकेनासा होईपर्यंत पाणी घालत राहा. डांबर किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर वरूनच सेल टेकवू नका. भोक पाडून खालच्या मातीपर्यंत जा.

नोंदवहीत आकड्याबरोबर चिन्ह, हाफ सेलचा प्रकार, जागा, जमीन कोरडी की ओली, आणि आकडा स्थिर होता की हलत होता, हे सगळं लिहा. हाफ सेलचा प्रकार लिहिण्याला फार महत्त्व आहे. मोरचुदाच्या सेलवर जे उणे ८५० असतं, तेच समुद्राच्या पाण्यातल्या सिल्व्हर क्लोराइड सेलवर सुमारे उणे ८००, कॅलोमेलच्या (पाऱ्याच्या क्लोराइडच्या) सेलवर सुमारे उणे ७८० आणि जस्ताच्या इलेक्ट्रोडवर अधिक २५० येतं. पोलाद तेच, अवस्था तीच, आकडे चार.

आता तुमचे आकडे वाचू. सीपी नसलेल्या लाइनवर कोणते आकडे साधारण दिसतात ते मनात ठेवा. चकचकीत नवं पोलाद ओल्या जमिनीत उणे ५०० ते उणे ८०० च्या दरम्यान असतं. गंजाचा थर चढलेलं जुनं पोलाद उणे २०० ते उणे ५००. काँक्रीटमधल्या सळ्या साधारण उणे २०० च्या आसपास, कारण काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं आणि त्यात लोखंडावर संरक्षक थर बसतो. तांबंही उणे २०० च्या जवळपास. जस्त उणे ११००, मॅग्नेशियम उणे १५५० किंवा त्याहूनही खाली.

आता यांतल्या दोन वस्तू तारेने किंवा वेल्डिंगने एकमेकींना जोडल्या आणि दोन्ही एकाच ओल्या जमिनीत असल्या, की ती बॅटरी झाली. जास्त ऋण असलेली वस्तू अ‍ॅनोड बनते आणि गंजते. कमी ऋण असलेली कॅथोड बनते आणि वाचते. तुमचा १२ मीटरचा नवा तुकडा दोन्ही टोकांना जुन्या गंजलेल्या पाइपाला वेल्ड केलेला आहे. नवा जास्त ऋण, जुना कमी ऋण. म्हणजे बदललेला तुकडा जुन्या शेकडो मीटर पाइपाचं फुकट संरक्षण करत बसला आहे आणि त्यात स्वतः संपतो आहे. जुनी लाइन पंचवीस वर्षं टिकते आणि नवा पाइप दोन वर्षांत फुटतो, याला लोक पाइपाचा दर्जा खराब असल्याचं कारण देतात. पुरवठादाराशी भांडणं होतात. बहुतेक वेळा पाइप चांगलाच असतो.

तुमच्याकडे तर यात आणखी एक भर आहे. पंपहाउसपाशी पाइप पंपाला बोल्ट केलेला, पंप मोटारीच्या अर्थिंगला जोडलेला, अर्थिंग तांब्याच्या पट्टीचं, आणि ती पट्टी पायातल्या सळ्यांना कुठे ना कुठे भिडलेली. भिंतीलगत उणे २९० आलं ते त्यामुळे. तिथे तुमचा हाफ सेल पाइपाबरोबर काँक्रीटमधलं पोलाद आणि तांबंही बघतो आहे. म्हणजे नव्या तुकड्यावरचा बोजा फक्त जुन्या पाइपाचा नाही, सगळ्या पायाचा आणि अर्थिंगचाही आहे.

हे माझं म्हणणं तपासून बघता येईल, आणि तपासाच. हाफ सेल एका जागी मातीत बसवा आणि तिथून मुळीच हलवू नका. काळी तार त्याला तशीच राहू द्या. आता लाल तार आधी पाइपाला लावा, मग पंपाच्या बॉडीला, मग अर्थिंगच्या पट्टीला, मग पंपहाउसच्या उघड्या सळईला किंवा पायात गेलेल्या पोलादी खांबाला. हाफ सेल हललेला नाही, त्यामुळे मातीकडची बाजू प्रत्येक वेळी तीच आहे. चारही आकडे एक-दोन मिलिव्होल्टांच्या आत सारखे आले, तर त्या चारही वस्तू धातूने एकमेकींना जोडलेल्या आहेत. पाइप उणे ४५० आणि अर्थिंग उणे २१० असा ठळक फरक आला, तर ती वेगळी आहेत आणि माझा अंदाज चुकला. पाच मिनिटांची परीक्षा आहे, पण ओहममीटरने केलेल्या परीक्षेपेक्षा हिच्यावर माझा विश्वास जास्त आहे. ओहममीटर मातीतल्या विभवांनी गोंधळतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे आठ ठिकाणांऐवजी पूर्ण लाइनवर दर एक-दोन मीटरला वाचन. लांब तारेचं रीळ एका टोकाला पाइपाला जोडायचं आणि हाफ सेल घेऊन लाइनवरून चालत जायचं. आकडे अंतराप्रमाणे आलेखावर मांडा. बिनसीपीच्या लाइनवर जिथे आकडा आजूबाजूपेक्षा जास्त ऋण होतो, तिथे अ‍ॅनोड असण्याचा संशय. त्या जागी पक्कं करायला दुसरं मोजमाप घ्या: एक हाफ सेल पाइपाच्या बरोबर वर, दुसरा लाइनला काटकोनात दोन-तीन मीटर बाजूला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. पाइपातून प्रवाह बाहेर पडत असेल तर पाइपालगतची माती दूरच्या मातीपेक्षा अधिक धन असते, म्हणून वरचं पाइप-माती वाचन दोन्ही बाजूंच्या वाचनांपेक्षा जास्त ऋण येतं. दोन्ही बाजूंना हाच कल दिसला तर तिथे खणा. एका बाजूलाच दिसला तर बाजूने जाणारी दुसरी एखादी लाइन किंवा केबल आहे का ते बघा.

त्याबरोबर जमिनीचा रोध चार सळ्यांच्या पद्धतीने मोजा. तोच ऋण उतार कोरड्या मुरमात असेल तर प्रवाह थोडा, खारवट चिकणमातीत असेल तर बराच. आणि प्रवाहच धातू नेतो. हिशोब डोळ्यांसमोर असू द्या: १ अँपिअर प्रवाह वर्षभर पोलादातून मातीत जात राहिला तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळतं. म्हणजे १ मिलिअँपिअरला वर्षात ९ ग्रॅम. ९ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ६ मिलिमीटर जाडीच्या पाइपाला १ चौरस सेंटिमीटरचं आरपार भोक पडायला ५ ग्रॅमसुद्धा लोखंड लागत नाही. कोटिंगला एका जागी ओरखडा आहे आणि तेवढ्याच जागेतून १ मिलिअँपिअर बाहेर पडतोय, तर सहा महिन्यांत पाणी बाहेर.

आता उणे ८५० कडे येतो. हा आकडा बिनसीपीच्या लाइनला लावायचाच नसतो. तुमची लाइन उणे ४५० वर आहे म्हणजे ती निसर्गतः जिथे असायची तिथे आहे, एवढाच त्याचा अर्थ. उणे ८५० चा निकष अमेरिकेतल्या रॉबर्ट कून यांच्या कामातून आला. त्यांनी १९२८ साली न्यू ऑर्लिन्समध्ये लांब पल्ल्याच्या गॅसवाहिनीवर रेक्टिफायर (एसीचा डीसी करून पाइपाला प्रवाह देणारं यंत्र) लावून सीपी सुरू केलं, आणि पाइप मोरचुदाच्या सेलच्या तुलनेत सुमारे उणे ०.८५ व्होल्टपर्यंत नेला की गंज थांबतो हे प्रत्यक्ष लाइनवर दाखवून दिलं. म्हणजे हा आकडा बाहेरून प्रवाह देऊन पाइपाला जिथे न्यायचं तिथला आहे. गंजाची मोजपट्टी म्हणून तो वापरू नका.

सीपी बसलं की आलेख वाचायची दिशाही उलटते, आणि अनुभवी माणसंही इथे घसरतात. बिनसीपीच्या लाइनवर जास्त ऋण जागा संशयित. सीपी असलेल्या लाइनवर प्रवाह मातीतून पाइपात येतो, त्यामुळे जिथे आकडा कमी ऋण होऊन वर उचलला जातो ती जागा संशयित: तिथे कोटिंग गेलेलं असतं किंवा प्रवाह पोचत नसतो. त्याच लाइनवर, त्याच जागी, तोच खड्डा आलेखात खाली दिसला की काल त्याचा अर्थ वाईट होता आणि आज चांगला. आलेखाच्या कोपऱ्यात सीपी चालू की बंद हे लिहिलेलं नसेल तर तो आलेख मी वाचतच नाही.

आणि सीपी चालू असताना घेतलेल्या वाचनात एक फसवणूक दडलेली असते. प्रवाह मातीतून आणि कोटिंगमधून वाहतो तेव्हा त्या रोधात काही व्होल्ट खर्च होतात. हाफ सेल जमिनीवर, पाइप दीड मीटर खाली, मधल्या मातीतला तो खर्च मीटर पाइपाच्या विभवात मिळवून दाखवतो. त्याला आम्ही आयआर ड्रॉप म्हणतो. पाइपाच्या पृष्ठभागावर खरं जे आहे ते कळायला रेक्टिफायर क्षणभर बंद करायचा आणि त्या क्षणी वाचन घ्यायचं. प्रवाह थांबला की आयआर ड्रॉप ताबडतोब शून्य होतो, पण पाइपाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रवाहामुळे त्याचं विभव जेवढं ऋणाकडे सरकलं होतं ते, हळूहळू उतरतं, मिनिटांत, तासांत, कधी दिवसांत. त्या दोन्हींच्या मधला क्षण पकडायचा. अगदी पहिल्या काही मिलिसेकंदांत स्विचिंगचा उसळता ठोका असतो, तो जाऊ द्यायचा आणि लगेच पुढचा आकडा घ्यायचा. लाइनवर अनेक रेक्टिफायर असतील तर ते सगळे एकाच वेळी बंद व्हायला हवेत, त्यासाठी जीपीएसवर जुळलेले इंटरप्टर (प्रवाह ठरावीक वेळाने तोडणारे स्विच) लावतात, उदाहरणार्थ ४ सेकंद चालू आणि १ सेकंद बंद.

एका लाइनवर वर्षानुवर्षं दर महिन्याला चालू वाचनं, म्हणजे सीपी बंद न करता वाचनं, घेतली जात होती. सगळी उणे ९५० ते उणे १०५० मध्ये, नोंदवहीचं प्रत्येक पान व्यवस्थित. त्या लाइनला नाल्याच्या कडेला गळती लागली तेव्हा मला बोलावलं. इंटरप्टर लावला. चालू वाचन उणे ९८०, बंद करताच उणे ७४०. मधले २४० मिलिव्होल्ट निव्वळ मातीतले होते. खणल्यावर कोटिंग हाताने सोलून निघत होतं आणि खाली पाइपावर हरभऱ्याएवढे खड्डे ओळीने होते. वाचनं घेणाऱ्याने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. मीटरने जे दाखवलं तेच त्याने लिहिलं होतं.

बंद करताच मिळालेलं वाचन उणे ८५० किंवा त्याहून ऋण हवं. तेवढं मिळत नसेल, विशेषतः जुन्या उघड्या पाइपांवर, तर १०० मिलिव्होल्टांचा निकष वापरतात: बंद केल्या क्षणापासून विभव किमान १०० मिलिव्होल्टांनी उतरत गेलं, म्हणजे सीपीमुळे पाइप तेवढा ध्रुवीकृत झाला होता. तांबं किंवा दुसरा धातू जोडलेल्या लाइनला मात्र हा निकष लावू नका, त्यामुळे तुमच्याकडे तो आज चालणार नाही. सल्फेट खाणारे जिवाणू असलेल्या, कुजकट वासाच्या काळ्या चिखलात उणे ८५० पुरत नाही, तिथे उणे ९५० धरतात. आणि खूप रोधाच्या कोरड्या वालुकामय जमिनीत त्याहून कमी ऋणही चालतं, उणे ७५० किंवा उणे ६५० पर्यंत, जमिनीचा रोध मोजून.

मग सुरक्षित राहायला प्रवाह वाढवतच न्यावा का? नाही. बंद वाचन उणे १२०० च्या पलीकडे गेलं की पाइपाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटतो आणि अल्क वाढतो. कोटिंग पाइपापासून सुटायला लागतं, उच्च ताकदीचं पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होतं. संरक्षणाला दुसरी बाजू असते हे हंफ्री डेव्हींना १८२४ सालीच कळलं होतं. त्यांनी लाकडी युद्धनौकांच्या तळावरच्या तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबवली. प्रयोग पूर्ण यशस्वी झाला, पण तांबं विरघळायचं थांबल्यामुळे त्याचं विषही पाण्यात जायचं थांबलं, आणि जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ इतकं चिकटलं की जहाजं मंद झाली.

वाचनाच्या चिन्हाबद्दल वर एकदा लिहिलं, ते पुन्हा सांगण्याइतकं गंभीर आहे. एका कामावर रेक्टिफायरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या, धन टोक पाइपाला. वहीत आकडे ‘०.९०’, ‘०.८८’ असे छान दिसत होते. चिन्ह कोणी लिहिलंच नव्हतं. ते अधिक होते. रेक्टिफायर पाइपाला अ‍ॅनोड करून विरघळवत होता, आणि नवी लाइन काही महिन्यांत चाळणी झाली. तेव्हापासून मी रेक्टिफायर सुरू करण्यापूर्वी एक वाचन घेतो, सुरू करताच दुसरं घेतो, आणि आकडा ऋण दिशेला सरकला हे स्वतः बघितल्याशिवाय जागेवरून हलत नाही.

आकडा स्थिर न राहता हलत असेल, तर प्रकरण वेगळं. जवळून डीसीवर चालणारी रेल्वे किंवा मेट्रो जात असेल, मोठं वेल्डिंगचं काम चालू असेल, शेजारच्या दुसऱ्या लाइनचं सीपी असेल, तर भटका प्रवाह तुमच्या पाइपात एका जागी शिरतो आणि दुसऱ्या जागी बाहेर पडतो. बाहेर पडण्याची जागा धोक्याची. अशा ठिकाणी एका वाचनाला काहीच अर्थ नसतो. डेटा लॉगर चोवीस तास लावून ठेवा आणि रात्री गाड्या बंद असतानाचा आकडा दिवसाच्या आकड्यांशी ताडा. उच्चदाबाच्या विजेच्या तारांना समांतर गेलेल्या लाइनवर एसी व्होल्टेजही मोजा. १५ व्होल्टांहून जास्त असेल तर आधी माणसांच्या सुरक्षेचा प्रश्न, पाइपाचा नंतर.

आता तुम्ही काय करावं. हाफ सेल न हलवता करायची ती चार वस्तूंची परीक्षा उद्याच करा. पाइप अर्थिंगला जोडलेला निघाला, तर पंपहाउसमधून बाहेर पडणाऱ्या फ्लँजला इन्सुलेटिंग गॅस्केट, बोल्टांना स्लीव्ह आणि वॉशर लावून लाइन तोडून घ्या, म्हणजे विजेच्या दृष्टीने वेगळी करा. मोटारीचं आणि पंपाचं अर्थिंग आहे तसंच राहील, त्याला हात लावायचा नाही. इमारतीत जिथे जिथे हायड्रंटचा पाइप शिरतो, त्या प्रत्येक जागी हेच. एक जागा सुटली तरी सगळं फुकट, कारण प्रवाहाला एक बोल्ट पुरतो. गॅस्केट बसवल्यावर त्याच हाफ सेलने फ्लँजच्या दोन्ही बाजू पुन्हा मोजा. दोन्हीकडे सारखाच आकडा आला तर इन्सुलेशन झालेलं नाही.

लाइन वेगळी झाल्याशिवाय मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड पुरू नका. त्या अ‍ॅनोडांचा प्रवाह तुमच्या आवारातलं तांबं आणि पायातलं पोलादच ओढून घेईल आणि पाइपाला काहीच मिळणार नाही. वेगळी झाल्यावर मात्र ८०० मीटरच्या लाइनला ते चांगले. अ‍ॅनोडच्या तारा पाइपाला थेट वेल्ड न करता टेस्ट पोस्टच्या (जमिनीवरच्या मोजमापाच्या खांबाच्या) पेटीत आणून लिंकने, म्हणजे उघडता येणाऱ्या पट्टीने, जोडा, म्हणजे लिंक उघडून बंद वाचन घेता येईल. थेट जोडलेले अ‍ॅनोड बंद करता येत नाहीत, आणि मग तुम्ही कायम आयआर ड्रॉपसकट आकडे वाचत बसता.

जाडीसाठी दर मीटरच्या आलेखावरून तीन-चार संशयित जागा निवडा, खणा, कोटिंग काढा आणि अल्ट्रासोनिक मीटरने पाइपाच्या पूर्ण घेराभोवती मोजा. खालची बाजू सोडू नका, ओल तिथेच साचते आणि हवा तिथेच कमी पोचते. खणलेल्या जागेचा फोटो, मातीचा नमुना आणि वाचन एकत्र ठेवा.

राहिला गळणारा तुकडा. तो बदलावा लागेलच. या वेळी नव्या तुकड्याला कोटिंग कराल तेव्हा दोन्हीकडचा जुना पाइपही जमेल तितका उघडा करून त्यालाही कोटिंग करा. फक्त नव्याला कोटिंग करून थांबलात तर त्या कोटिंगला जो एखादा ओरखडा राहील, त्यातून जुन्या सगळ्या पाइपाचा प्रवाह बाहेर पडेल आणि या वेळी दोन वर्षंही जाणार नाहीत. माती परत भरण्यापूर्वी नव्या तुकड्याच्या दोन्ही वेल्डजवळ एकेक टेस्ट लीड (मोजमापाची तार) ब्रेझ करून वर पेटीत आणून ठेवा, आणि भरल्यावर त्याच दिवशी पहिलं वाचन घेऊन वहीत लिहा, चिन्हासकट.